माझा शोध रद्द करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
गोदा-मांजरा विज्ञान विद्यापीठ,
नांदेड.

अर्जदार : कु. धम्मप्रिया व्यंकटी गजभारे, संशोधक विद्यार्थिनी, पदार्थविज्ञान विभाग, लातूर उपकेंद्र. मूळ राहणार ता. बिलोली, जि. नांदेड.

विषय : फुलरीनच्या साधित रेणूपासून तेजस्वी पिवळा-हिरवा प्रकाश मिळतो, हा माझ्या नावे जाहीर झालेला शोध रद्द करणे, प्रबंधातील पाचवे प्रकरण वगळण्यास परवानगी देणे आणि दि. २८ फेब्रुवारीचा माझा सत्कार थांबवणे याबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. २४ नोव्हेंबर व १५ डिसेंबर २०२५.
२) आपल्या सत्यशोधन समितीची भेट, दि. ५ जानेवारी २०२६.
३) आपली दोन पत्रे, जावक क्र. ४११ व ४१२, दि. २९ जानेवारी २०२६.
४) सत्कार समारंभाची निमंत्रणपत्रिका (चार रंगी).

महोदय,

मध्ये भरलेला एक नमुना सोडला तर या विषयावर हा माझा तिसरा अर्ज आहे. पहिला "विहित नमुन्यात नाही" म्हणून परत आला. दुसऱ्यावर समिती नेमली गेली. तिसऱ्याचे काय होईल याची मला साधारण कल्पना आहे. तरीही तो सादर करत आहे, कारण जिने शोध लावला तीच तो लागला नव्हता असे सांगत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा मला अजून सोडवत नाही.

१. आपल्या टेबलावर अनेक विषय असतात, म्हणून माझा थोडक्यात सांगते. फुलरीन हा कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ, गोल रेणू आहे. फुटबॉलवर जसे पाच आणि सहा बाजूंचे तुकडे शिवलेले असतात, तशीच त्याची रचना. हा रेणू इलेक्ट्रॉनचा मोठा हावरट आहे. शेजारच्याकडून मिळेल तेवढे ओढून घेतो, म्हणून सौर घटांत त्याला मागणी आहे. प्रकाशही तो भरपूर घेतो. परत मात्र देत नाही. त्याच्यात दहा हजार प्रकाशकण गेले तर जेमतेम तीन बाहेर येतात, तेही डोळ्याला दिसेल न दिसेल अशा गडद लाल रंगाचे. आपल्या आवक-जावक शाखेशी तुलना करण्याचा मोह मी टाळते, कारण त्या शाखेकडून मला तिनाहून कमी धड उत्तरे आली आहेत. फुलरीनला एका बाजूने दुसरा रेणू शेपटासारखा जोडला की त्याचा बांधेसूदपणा मोडतो आणि तो थोडा सैल होतो. अशा शेपूट जोडलेल्या रेणूला साधित रेणू म्हणतात. मी असे सात रेणू तयार केले. सर्वांत चांगल्याने दहा हजारांतून अकरा कण परत दिले. तिनाचे अकरा करायला मला चार वर्षे लागली. हे सगळे प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे आणि खरे आहे, म्हणूनच बहुधा त्याबद्दल कोणी मला शाल-नारळ दिलेला नाही.

२. आता पाचव्या प्रकरणाकडे येते. दि. १ ऑक्टोबर रोजी खंडेनवमी होती. त्या दिवशी आपल्या भागात शेतकरी औताला, सुतार करवतीला आणि ड्रायव्हर गाडीला हळद-कुंकू लावतो. आमचे प्रयोगशाळा परिचर श्री. रामकिशन सतरा वर्षांपासून प्रयोगशाळेतील यंत्रांना लावतात. माझ्या घरी १९५६ पासून पूजा होत नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हणून त्यांनी माझ्या टेबलाला आणि वह्यांना कधी बोट लावले नाही. प्रकाश मोजण्याच्या यंत्राला लावू का, असे त्यांनी मला विचारले. मी "लावा" म्हणाले. यंत्र माझ्या मालकीचे नाही आणि दुसऱ्याच्या सणात तोंड घालायची मला सवय नाही. ते झाकण उघडून आतही लावतील, हे मला सुचले नाही. त्यांनी मात्र पाच बोटे बाहेर लावली आणि सहावे अगदी मनापासून आत, नमुना ठेवायच्या खाचेच्या मागच्या भिंतीवर, जिथे लेझरचा किरण जाऊन आदळतो बरोबर तिथे.

३. हळद जांभळ्या लेझरखाली किती चमकते हे आपण एकदा पाहावे, अशी शिफारस आहे. माझ्या रेणूच्या तुलनेत ती म्हणजे मांडवातला हॅलोजनच. सुट्टीनंतर मी नवे तीन रेणू मोजले आणि तिन्ही झगमगले, तेही पिवळ्या-हिरव्या रंगात, जिथे फुलरीनने चमकायचे काही कारण नव्हते. अशा वेळी आधी नुसत्या द्रावकाचे, म्हणजे रेणू नसलेल्या टोल्यूइनचे, मोजमाप करून पाहायचे असते. हा नियम मी स्वतः एम.एस्सी.च्या मुलांना दर वर्षी फळ्यावर लिहून देते. मी सप्टेंबरचे जुने मोजमाप वापरले. ही चूक माझी आहे, रामकिशन यांची नाही, हळदीची तर मुळीच नाही. आनंदाच्या भरात माणूस फळा विसरतो.

४. माझे मार्गदर्शक डॉ. शिवप्पा मठपती यांनी आलेख पाहिला आणि "बाई, हे तर लई भारी निघालं!" असे म्हणून थेट नांदेडला फोन लावला. पुढचा वेग मात्र थक्क करणारा होता. चार दिवसांत विद्यापीठाने पेपरात बातमी दिली आणि संशोधन मान्यता समितीची तातडीची बैठक झाली. "फुलरीन रेणू व त्यांचे साधित रेणू : प्रकाश-उत्सर्जन आणि इलेक्ट्रॉनी गुणधर्म" हे माझ्या प्रबंधाचे साधे, खरे शीर्षक बदलून "साधित फुलरीनचा तेजस्वी पीतहरित प्रकाश" असे करण्यात आले. तेच शीर्षक पूर्ववत करण्याची विनंती केल्यावर मला सांगण्यात आले की समितीची बैठक सहा महिन्यांतून एकदाच होते.

५. दि. २० नोव्हेंबरला मी मोजमाप पुन्हा करत असताना नमुन्याची कुपी आत ठेवायला विसरले. रिकाम्या खाचेनेही तोच प्रकाश दिला, किंबहुना काकणभर जास्त. मग मी साधे पाणी ठेवून पाहिले. पाण्यानेही शोध लावला. तेव्हा झाकण उघडून आत डोकावले. मेसमधून चिमूटभर हळद आणून वेगळी मोजली, तर तिचा आलेख आणि माझा शोध एकमेकांवर तंतोतंत बसले. स्पिरिटच्या बोळ्याने खाच पुसली आणि माझे जागतिक कीर्तीचे संशोधन बोळ्यावर आले. तो बोळा मी जपून ठेवला आहे. ज्या नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठवला होता त्यांना त्याच दिवशी कळवले. त्यांनी दोन दिवसांत निबंध परत केला आणि प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. विद्यापीठाने "विनापरवानगी निबंध मागे घेतल्याबद्दल" माझा खुलासा मागवला.

६. पहिल्या अर्जाला उत्तर आले की शोध रद्द करण्यासाठी विहित नमुना अस्तित्वात नाही, तरी नावात बदल करण्याच्या नमुन्यात अर्ज करावा. मी तोही भरला. "जुने नाव" या रकान्यात "शोध" असे लिहिले आणि "नवे नाव" या रकान्यात "चूक". "बदलाचे कारण : विवाह / इतर" यापैकी "इतर"वर खूण केली. राजपत्राची प्रत जोडलेली नसल्याने तो नामंजूर झाला.

७. दुसऱ्या अर्जावर आपण त्रिसदस्यीय सत्यशोधन समिती पाठवलीत. समितीत वाणिज्य विभागप्रमुख, ग्रंथपाल आणि क्रीडा संचालक होते. तिघेही आपापल्या क्षेत्रात मोठे आहेत, यात मला शंका नाही. मी त्यांना पुसलेल्या यंत्रात माझा रेणू ठेवून दाखवला. पडद्यावर अगदी पुसट लाल रेघ आली. समिती नाराज झाली. "पेपरात आला होता तो उजेड कुठंय?" असे अध्यक्षांनी विचारले. मी सांगितले की तो उजेड हळदीचा होता, ती मी पुसली. त्यावर अध्यक्षांनी यंत्र घटनेच्या दिवशी होते तसे पूर्ववत करण्याचा आदेश दिला. रामकिशन यांनी आदेशाप्रमाणे आत पुन्हा हळद लावली. यंत्र सुरू केले आणि पिवळा-हिरवा प्रकाश लख्ख आला. समितीने टाळ्या वाजवल्या. क्रीडा संचालकांनी मोबाईलवर फोटो काढला. "समक्ष पाहिले. प्रकाश आहे. अर्जदाराच्या म्हणण्यात तथ्य नाही," असा अहवाल तिथेच लिहून तिघांनी सह्या केल्या. महोदय, माझ्या म्हणण्याचा याहून चोख पुरावा मला स्वतःला कधी देता आला नसता, तो समितीने दिला आणि उलटा लिहिला.

८. त्यानंतर दि. २९ जानेवारीला आपल्या कार्यालयातून एकाच दिवशी, एकाच सहीने, लागोपाठच्या क्रमांकांची दोन पत्रे निघाली. क्र. ४११ माझ्या नावे आहे. त्यात म्हटले आहे की यंत्रात हळद असल्याचे निष्पन्न झालेले नाही, सबब अर्जदाराने विद्यापीठाची प्रतिमा मलिन करणे थांबवावे. क्र. ४१२ रामकिशन यांच्या नावे आहे. त्यात यंत्रात विनापरवाना हळद लावल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई का करू नये, असे विचारले आहे. हळद नसेल तर त्या बिचाऱ्याला नोटीस कशाची? आणि असेल तर मला शोध कशाचा? दोन्ही पत्रे मी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. हसू आले आणि मग खरोखर राग आला, कारण रामकिशन यांच्या घरी ते पत्र पोहोचल्यापासून त्या माणसाला जेवण गोड लागलेले नाही.

९. रामकिशन यांनी दिलेला खुलासा मी त्यांच्या शब्दांत लिहून घेतला. विभागाने तो "भाषा कार्यालयीन नाही" म्हणून पुढे पाठवला नाही, म्हणून इथे उतरवते : "सायेब, ह्या मशीनला मी सतरा वरसं झालं पुसून राहिलो. घरी इळ्याला, पाट्याला, मोटरसायकलीला लावतो तशी हिला बी हळद लावली. मशीन बंद पडू नये म्हणून लावली. शोध लागावा म्हणून न्हाई लावली. मॅडमनी मला एका शब्दानं बोललं न्हाई. त्यायनी चूक सांगितली तर तुमी त्यायला हार घालून राहिलाव आन् मला खुलासा मागून. मला तर कायबी समजंना." विद्यापीठाच्या गेल्या चार महिन्यांच्या पत्रव्यवहारात अर्थ लागतो असा हा एकच कागद आहे.

१०. समितीच्या अध्यक्षांनी खासगीत असेही सुचवले की अर्जदार "विशिष्ट घरातून" आलेली असल्याने हळदीवर आरोप करत असावी. लेखी नाही, पण उत्तर लेखी देते. हळदीवर माझा कोणताही आरोप नाही. ती आमच्याही वरणात असते. तिने यंत्रात तेच केले जे ती कुठेही करते, आणि ते प्रामाणिकपणे केले. माझी हरकत सणाला नाही आणि रामकिशन यांच्या श्रद्धेलाही नाही. खोटे बोलायला लावण्याला आहे. त्यानंतर याच अध्यक्षांनी तोडगा म्हणून असे सुचवले की अर्धापूरच्या शिवारात हळद चांगली पिकते, तेव्हा शीर्षकात "स्थानिक कृषी उत्पादनाच्या साहाय्याने" एवढे चार शब्द घातले की कोणाचेच काही जात नाही. हा तोडगा मी विनोद म्हणून ऐकला. तो विनोद नव्हता असे नंतर कळले.

११. दरम्यान शोध माझ्यावाचून छान चालला आहे. लातूरच्या मुख्य चौकात माझा फ्लेक्स लागला. त्यावर माझ्या तळहातातून हिरवा उजेड निघताना दाखवला असून खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो आहेत, जे माझ्या फोटोपेक्षा मोठे आहेत. माझी आई महामाया बिलोलीहून फोनवर म्हणाली, "लोकं पेढे मागून राहिलेत. मी काय सांगू? झालंय का न्हाई ते तू सांग." मी न्हाई म्हणाले. ती म्हणाली, "मग पेढे करत न्हाई. पण तू बी गप बसू नको." डॉ. मठपती यांचा सल्ला नेमका उलटा आहे. ते म्हणतात, "मार्च होऊन जाऊ दे, मग बघू." ते वाईट गृहस्थ नाहीत, त्यांच्या सत्काराची शाल माझ्याच शालीबरोबर खरेदी झाली आहे, एवढेच.

१२. इथपर्यंतचे सर्व मी कदाचित सोसलेही असते. पण गेल्या आठवड्यात मला रेणापूरच्या प्रियदर्शनी नावाच्या बारावीच्या मुलीचा फोन आला. ती लातुरात एका शिकवणी वर्गात वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करते. त्यांच्या सराव परीक्षेत प्रश्न होता : साधित फुलरीनपासून कोणत्या रंगाचा प्रकाश मिळतो? पर्यायांत "तेजस्वी पिवळा-हिरवा" होता आणि "अतिशय क्षीण, गडद लाल" हाही होता. या मुलीने पुस्तक वाचले होते, म्हणून तिने गडद लाल निवडले. तिचे उत्तर चूक धरून गुण कापले. तिने तक्रार केली तेव्हा शिक्षकांनी तिला माझी बातमी दाखवली. ती मला म्हणाली, "ताई, मी पुस्तक दोनदा वाचलं. माझं कुठं चुकलं तेवढं सांगा, म्हणजे पुढच्या टायमाला चुकणार न्हाई." महोदय, मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. ती बरोबर होती आणि माझ्या नावाने चूक ठरली. मी तिला सांगितले की तुझे बरोबर आहे. ती म्हणाली, "पण सरांनी तुमचाच फोटो दाखवला की." त्याचे उत्तर म्हणून हा अर्ज.

१३. माझ्या नोंदणीची मुदत ३१ मार्चला संपते. प्रबंध सादर करताना "या प्रबंधातील सर्व माहिती माझ्या ज्ञानाप्रमाणे सत्य आहे" अशा प्रतिज्ञेवर सही करावी लागते. पाचवे प्रकरण वगळण्याची परवानगी नाही, मान्य शीर्षकानुसार ते अनिवार्य आहे, आणि प्रतिज्ञेशिवाय प्रबंध स्वीकारत नाहीत. म्हणजे एक तर मी खोटी सही करून डॉक्टर व्हावे, नाही तर खरे बोलून सहा वर्षे मातीत घालावी. मी बरेच दिवस विचार केला. पदवी मला हवी आहे. खूप हवी आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी आहे आणि माझ्या वडिलांनी मरण्याआधी दारावर लावायची पाटी रंगवून ठेवली होती, तिच्यावर नावापुढे "डॉ." आहे. तरीही त्या प्रतिज्ञेवर मी सही करणार नाही. हे ठरवताना रडले, हे आपल्या माहितीसाठी. नस्तीत नोंद घेण्याची गरज नाही.

१४. सबब विनंती की,
(अ) माझा शोध रद्द झाल्याचे विद्यापीठाने जितक्या मोठ्या अक्षरांत तो जाहीर केला होता तितक्याच मोठ्या अक्षरांत जाहीर करावे;
(आ) प्रबंधाचे मूळ शीर्षक परत द्यावे, पाचवे प्रकरण काढू द्यावे आणि चौथ्या प्रकरणातील अकरा प्रकाशकणांवर माझी जी काय परीक्षा व्हायची ती होऊ द्यावी. त्यात नापास झाले तर हरकत नाही;
(इ) श्री. रामकिशन यांना दिलेले पत्र क्र. ४१२ मागे घ्यावे. चूक नोंदवायचीच असेल तर माझ्या नावे नोंदवावी. ती माझीच आहे.

१५. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन असल्याने माझा सत्कार त्या दिवशी ठेवला आहे, ही कल्पना ज्यांची असेल त्यांना माझा नमस्कार सांगावा. सत्कार थांबला नाही, तर मी कार्यक्रमाला वेळेवर हजर राहीन. शाल घेणार नाही. शिकवणी वर्गांतल्या सातशे मुलामुलींना सभागृहात आणून बसवणार असल्याचे कळते, त्यांत प्रियदर्शनीही असेल. निमंत्रणपत्रिकेत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय आणि सहा भाषणे झाल्यावर दहाव्या क्रमांकावर "सत्कारमूर्तींचे दोन शब्द" असे छापले आहे. विद्यापीठाच्या व्यासपीठावरून बोलायचा मजकूर आठ दिवस आधी मंजूर करून घ्यावा, असे आपले परिपत्रक आहे. ते पाळून माझे दोन शब्द मंजुरीसाठी खाली सादर करत आहे. यांत वाढ किंवा काटछाट होणार नाही.

"हळद होती."

आपली, अजूनही नम्र,

(सही)
धम्मप्रिया व्यंकटी गजभारे
लातूर, दि. २० फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) रिकाम्या खाचेचा, पाण्याचा, मेसच्या हळदीचा व माझ्या शोधाचा आलेख, एकाच कागदावर. चार रेघा काढल्या आहेत, एकच दिसते.
२) पत्र क्र. ४११ व ४१२ च्या प्रती, एकाच टाचणीत.
३) श्री. रामकिशन यांचा खुलासा, त्यांच्या भाषेत व त्यांच्या अंगठ्यासह नव्हे, सहीसह.
४) स्पिरिटचा बोळा, सीलबंद पाकिटात.
५) प्रतिज्ञापत्र, कोरे.